हात मांडीवर

२ जून, सोमवार. सकाळी ११.०२
रोडपालीत राहण्याचा एकच फायदा. घड्याळ लागत नाही. दर सोमवारी अकराला तळोज्याच्या कारखान्यांतला भोंगा टेस्टिंगसाठी वाजतो, एक मिनिटभर. आज दोन मिनिटं लेट. कारखान्याला तक्रारीचं पत्र लिहिणार आहे.
पनवेलच्या कर्णबधिर शाळेच्या ट्रस्टींनी मला हात जोडून विनंती केलीय. म्हणजे भाजीवाल्यापाशी भेटले आणि "मॅडम, वेळ असेल तर येत जा" म्हणाले, पण सूर विनंतीचाच होता. दहावी-बारावी झालेल्या मुलींना नोकरीला लावून द्यायचं. विमा कंपनीच्या क्लेम्स डिपार्टमेंटमध्ये छत्तीस वर्षं काढली मी. माणूस दारातून आत येतो तेव्हाच मला कळतं, हा काय लपवतोय.
संकल्प: तीन महिन्यांत तीन नोकऱ्या. चहा दोनच कप.

३ जून, मंगळवार
वर्गात पाऊल टाकलं आणि हबकले. चौदा मुली, अठ्ठावीस हात, सगळे हवेत. आवाज बंद केलेली भाजी मंडईच. मधोमध त्यांची कुमुद टीचर, तीही हातवारे करतेय. मला म्हणाली, "मॅडम, आधी थोड्या खुणा शिकून घ्या ना. दर शनिवारी पालकांचा क्लास असतो." मी म्हटलं, मी इथे शिकवायला आलेय.
कॉन्व्हेंटमध्ये आमचा हात नुसता हलला तरी सिस्टरची पट्टी बसायची. हात मांडीवर, पाठ ताठ, नजर समोर. त्या पट्टीने मला घडवलं. या मुलींना कोणी पट्टीच दाखवली नाही, म्हणून ही दशा.
चहा तीन. टीचर्स रूममधला धरलेला नाही.

६ जून, शुक्रवार
मुलगी निवडली. सोनम. अठरा वर्षांची, बारावी पास. बाप देवजी वीटभट्टीवर, आई मंगळी करंजाड्याच्या नाक्यावर रानभाज्या विकते. वाडीवरून रोज चालत येते आणि तरी युनिफॉर्मला इस्त्री! ओठ बघून बोलणं ओळखते. थोडं बोलतेही, जाडसर आवाजात. डोळे विलक्षण तल्लख. कुमुद सांगत होती, तराजू न बघता पाव किलो मोजते, आईबरोबर बसून शिकली.
उजव्या कानात मशीन लावते. मी विचारलं, याने बोलणं ऐकू येतं का? कुमुद म्हणाली, "बोलणं नाही, पण ढोल, हॉर्न असले मोठे आवाज कळतात." ढोल ऐकायला मशीन! लोकांच्या नजरा मात्र थेट तिथेच जातात.
माझी पद्धत सोपी आहे. ही मुलगी मी अशी तयार करणार की समोरच्याला पत्ता लागणार नाही.

१६ जून, सोमवार
भोंगा वेळेवर. माझ्या पत्राचा परिणाम. (पत्र अजून टाकलेलं नाही.)
सोनमची प्रगती पाहून ट्रस्टी थक्क होतील. केस कानावर. मशीन शिकवणीपुरतं काढून माझ्या पर्समध्ये. खुर्चीत बसली की हात मांडीवर, एकावर एक. पहिले चार दिवस हात उडायचे, मी नुसती पट्टी टेबलावर ठेवली. मारलं नाही. नुसती ठेवली. आता हात उठायला लागला की ती पट्टीकडे बघते आणि तो आपोआप खाली जातो.
एक वाक्य घोटून घेतलं. "आय ॲम फाइन, थँक यू." रोज पन्नास वेळा, आरशासमोर. काहीही विचारलं आणि कळलं नाही तर हसायचं, मान हलवायची आणि हे म्हणायचं. नव्वद टक्के नोकऱ्या एवढ्यावरच टिकतात. माझ्या ऑफिसात तर बढत्याही मिळत.
कुमुदला हे पसंत नाही. "मॅडम, नाही कळलं तर नाही कळलं म्हणायला शिकवा ना तिला." हिला कोण नोकरी देणार होतं?

२१ जून, शनिवार
सही झाली. दोन आठवडे मेहनत घेतली. शाळेत मराठीत नाव लिहायची, भेंडी तोडल्यासारखं एकेक अक्षर सुटं. आता इंग्लिशमध्ये सलग, तिरकी, शेवटी झोकदार शेपूट. अगदी माझ्या वळणाची.
क्लेम्समध्ये ट्रेनी पोरं यायची, त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे. लोक येऊन रडतात: एजंटने फॉर्म भरला, आम्हाला वाचता येत नाही, आम्हाला विचारलंच नाही. ऐकायचं नाही. फॉर्म कोणी भरला ते सांगू नका, सही कुणाची ते सांगा. माझ्या टेबलवर किती रडगाणी त्या एका वाक्याने बंद झाली! तेव्हा सहीचं महत्त्व मला कोणी सांगू नये.

१ जुलै, मंगळवार
तळोज्यात कारखाना बघून आले. रंगाची पावडर बनते. परेशशेठ घेऊन गेला, कामगार पुरवायचं कॉन्ट्रॅक्ट त्याचं. बापजाद्यांची मिठागरं होती, आता पांढरी गाडी आणि पाच बोटांत चार अंगठ्या. पण रीतभात आहे. गाडीचं दार उघडून धरलं. म्हणाला, "मॅडम, तुमी टेन्शन नका घेव. पोरगी आमच्या घरची समजा."
वरच्या मजल्यावर पॅकिंगची खोली. पावडर तोलायची, पुड्या भरायच्या. मुलगी यासाठीच जन्मलीय. खिडकी एकच, तीही खिळे मारून बंद. वारा आला की पावडर उडते, म्हणून. जिना एकच, लोखंडी. सगळ्यांच्या तोंडाला जाड मास्क. स्वच्छता पाहून बरं वाटलं.
वास मात्र विचित्र. सडक्या बदामासारखा. साडीला अजून येतोय.

४ जुलै, शुक्रवार
फॉर्म भरला. मीच भरला, माझ्या अक्षरात. अकराव्या रकान्यात विचारलं होतं: शारीरिक अपंगत्व असल्यास लिहा.
कुमुद मागे उभी. म्हणाली, "मॅडम, लिहा ना. त्या कारखान्यात आपल्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत, असं मी ऐकलंय. फोन करून विचारू या?" मी म्हटलं, कुमुद, मेहरबानीची नोकरी मला नको. ती म्हणाली, "तुम्हाला नाही, सोनमला." उद्धट!
लिहिलं: 'निल'.
यात खोटं काही नाही. काम हातांनी करायचंय, कानांनी नाही. डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट परेशशेठने आणून लावलं. डॉक्टरला मुलगी बघायचीही गरज पडली नाही, इतका त्याचा परेशशेठवर विश्वास.
सोनमने फॉर्म वाचला. बोट अकराव्या रकान्यावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. हात उचलायला लागली. मी नुसती पट्टीकडे पाहिलं. तिने सही केली. शेपूट सुंदर आली.

७ जुलै, सोमवार. सकाळी ११
सोनम आज कामावर रुजू. भोंगा वाजला तेव्हा मी बाल्कनीत उभी होते. वाटलं, तिथे तीही असेल याच आवाजात. मग लक्षात आलं. असो.
मशीन आता मी माझ्याकडेच ठेवलंय, कपाटाच्या खणात, कापसात गुंडाळून. तिच्याकडे राहिलं तर मोहात पडून लावेल आणि सगळी मेहनत पाण्यात.

१० जुलै, गुरुवार
तीन दिवस घरात बारीक शिट्टी ऐकू येतेय. फ्रिज नाही, इन्व्हर्टर नाही. आज माग काढत कपाटापर्यंत पोचले. खण उघडला की थांबते, बंद केला की सुरू. मशीन चालूच राहिलंय. बंद कसं करतात माहीत नाही, आणि कुमुदला विचारणार नाही.
वर चार टॉवेल ठेवले.

१४ जुलै, सोमवार
शिट्टी थांबली. बॅटरी संपली असणार. बरं झालं, झोप नीट लागेल.

२५ जुलै, शुक्रवार
मंगळी आली. टाकळ्याची जुडी दारात ठेवली, आत बसेना. म्हणाली, "बाय, तिचा मशीन द्या. तिला भोंगा नाय येत ऐकू." मी सांगितलं, भोंगा सोमवारचा असतो, टेस्टिंगचा, तो कुणीच ऐकत नाही. ती म्हणाली, "सोमवारचा नाय म्हनत मी. येखाद्या दिशी खरा वाजला, नि सगली पलाली, तं ती काय करल?"
किती नकारात्मक विचार! मी समजावलं, सगळे पळाले तर तिला दिसणार नाही का? डोळे आहेत ना? तर म्हणे, "पोरगी मान खाली घालून तोलते, बाय. तुमीच सांगितलाव ना, नजर कामावर."
सांगितलं, दोन महिने पुरे होऊ देत, मग बघू. जाताना म्हणाली, "घरात पन आता हात नाय हलवत ती. आमच्याशी बोलत नाय."
म्हणजे माझी शिकवण घरापर्यंत पोचलीय. टाकळ्यात माती फार होती. भाजी बरी झाली.

१२ ऑगस्ट, मंगळवार
परेशशेठ भेटला. म्हणाला, "पोरगी एक नंबर हाय मॅडम! परवा सगली खाली उतरलेली, ही एकटी वर काम करीत होती. वीस मिन्टं. कोनी बघितलाच नाय." मी विचारलं, खाली कशाला उतरलेले? तर म्हणे, "ते काय ता, मॉक ड्रिल. भोंगा वाजला का मैदानात उभा ऱ्हायाचा. मोजनी करतात." मग मोजणीत एक कमी नाही पडली? "आमच्या मानसांची मोजनी नाय, मॅडम. ती कंपनीच्या मानसांची." आणि हसला.
मीही हसले. नंतर जिना चढताना जरा धाप लागली. वय झालं.
पण विचार केला तर काय एकाग्रता! सगळा कारखाना उन्हात टिवल्याबावल्या करतोय आणि माझी मुलगी पुड्या भरतेय.
संकल्प: तिला भोंग्याचं एकदा नीट समजावून सांगायचं. येत्या रविवारी.

१७ ऑगस्ट, रविवार
पाहुणे आले. पुढच्या रविवारी.

२४ ऑगस्ट, रविवार
सोनम आली होती. बारीक झालीय. नखांच्या कडा पिवळ्या, पायातले चांदीचे वाळे काळे पडलेत. मी विचारलं, कसं चाललंय? हसली. मान हलवली. "आय ॲम फाइन, थँक यू."
इतकं स्वच्छ म्हणाली की पुढे काही विचारावंसंच वाटलं नाही. भोंग्याचं राहिलं.
जाताना कपाटाकडे बघत होती. ते तिथे आहे, हे तिला कसं कळलं?

१० सप्टेंबर, बुधवार
शाळेने माझा सत्कार ठरवलाय! शुक्रवार, एकोणीस तारीख. शाल, श्रीफळ आणि माझं दहा मिनिटांचं भाषण. विषय: "अपंगत्व दिसू न देण्याची कला". कुमुदने निमंत्रणपत्रिकेत विषय छापला नाही. जागा नव्हती म्हणे.
तीन नोकऱ्यांचा संकल्प होता, झाली एक. पण भाषणात "सुरुवात" म्हटलं की भागतं. दुसऱ्या दोघींच्या आया भेटायला येणार होत्या, आल्या नाहीत. मंगळीने काही सांगितलं असावं. गरिबांना मदत करणं सोपं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी १०.२०
भाषण पाठ करत होते. भोंगा वाजतोय.
आज गुरुवार.
टेस्टिंगचा वार बदलला असेल. कळवायची पद्धत नाही या लोकांना. पत्र लिहिणार, या वेळी टाकणार.

१०.२४
अजून वाजतोय. सडक्या बदामाचा वास. खालचे वॉचमन सगळ्यांना खिडक्या लावा म्हणून ओरडतायत.
ड्रिलच असणार.

१०.३१
परेशशेठचा फोन लागत नाही. कारखान्याचा लागत नाही. कुमुदने उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मशीन कुठेय, मॅडम?" मी म्हटलं, सुरक्षित आहे.
खण उघडला. चार टॉवेल काढले. कापसात आहे.
भोंगा थांबत का नाही?

११.४०
रिक्षावाले तळोज्याच्या दिशेने यायला तयार नाहीत. एक जण म्हणाला, "मावशी, तिकडून सगले पलून येतात, तुमी कुठं चाललाव?" मी मुठीत मशीन धरून नाक्यावर उभी. मावशी कोणाला म्हणतो.

२० सप्टेंबर, शनिवार
सगळे बाहेर पडले. एक सोडून.
गॅस खालच्या टाकीतून सुटला आणि जिन्याने वर चढला. मैदानात मोजणी झाली. बरोबर भरली. मग एका झाडूवाल्या बाईला आठवलं की वर ती न बोलणारी पोरगी बसते. सोनम तिला वरच्या दाराशी सापडली. मुठीत पुडी होती. तोलून भरलेली.
जीव वाचलाय. छाती भाजलीय आतून. डॉक्टर म्हणतात, महिने लागतील आणि पूर्वीसारखी होईल याची खात्री नाही.
दोष पाहायला गेलं तर परेशचा आहे, मोजणी न करण्याचा. कारखान्याचा आहे, खिडकीला खिळे मारण्याचा. कुमुदचाही आहे, तिने जरा जोर लावून सांगायला हवं होतं.
सत्कार पुढे ढकलला. तारीख कळवतो म्हणाले.

२७ सप्टेंबर, शनिवार
घरी विमा कंपनीचा माणूस आला. दार उघडलं तर दीपेश! माझ्याच हाताखाली ट्रेनी होता. आता टक्कल, चष्मा, हातात फाइल. वाकून नमस्कार केला. चहा दिला. मीही घेतला, पाचवा.
फाइलमधून फॉर्मची झेरॉक्स काढली. कारखान्याने कंत्राटी कामगारांचाही विमा काढलाय, उपचार आणि पुढची भरपाई त्यातून. पण अकराव्या रकान्यात 'निल'. "मॅडम, मुलीने माहिती लपवलीय. क्लेम बसत नाही." वर म्हणाला, कारखान्याच्या खालच्या हॉलमध्ये लाल दिवा बसवलेला आहे, भोंग्याबरोबर पेटतो. दोन कर्णबधिर मुलं तिथेच कामाला आहेत, दोघंही पहिल्या मिनिटात बाहेर होती. "हिनं नुसतं लिहिलं असतं तरी खालीच बसवली असती."
मी म्हटलं, दीपेश, तिने नाही लिहिलं. मी लिहिलं. अक्षर बघ, माझं आहे. तू ओळखतोस माझं अक्षर.
त्याने चष्मा वर केला. बराच वेळ कागद बघितला. ओळखलं. मग बोट खाली सहीवर नेलं. त्या शेपटीवर. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, फॉर्म कोणी भरला ते..."
पुढचं वाक्य माझंच होतं.
मी सांगितलं, ते सगळं मी लिहून देते, सहीनिशी. दिलं. त्याने फाइलला लावलं. लावताना त्याचा चेहरा कसा होता, मला माहीत आहे. तो चेहरा मी छत्तीस वर्षं केलाय.

१ ऑक्टोबर, बुधवार
आज हॉस्पिटलमध्ये गेले. मशीनला नवी बॅटरी घातली होती. दुकानदाराने शिकवलं. एक बटण आहे, अगदी सोपं.
दाराच्या काचेतून बघितलं. सोनम उशीला टेकून बसलेली. नाकात नळी. समोर मंगळी आणि कुमुद. सोनमचे हात चालले होते. इतके भरभर! एका हाताला सलाइन, तरी दोन्ही हात. मंगळी रडता रडता हसत होती, कुमुद मान हलवत होती. काय सांगत होती ते मला कळलं नाही. भोंग्याचं असेल. माझं असेल. मला एक अक्षर कळलं नाही.
सिस्टरने मास्क बांधायला लावला आणि मी आत गेले.
हात थांबले. खाली आले. मांडीवर, एकावर एक. पाठ ताठ. नळीसकट हसली आणि म्हणाली, "आय ॲम फाइन, थँक यू." खोकला आला, तो गिळला.
कुमुद माझ्याकडे बघत नव्हती. मंगळी बघत होती.
मी म्हटलं, सोनम, थांबू नकोस. बोल ना, हातांनी बोल. मी दोनदा म्हटलं.
ती हसतच राहिली, मान हलवत राहिली.
माझ्या तोंडावर मास्क होता.